थिओडोर बिलरोथ कोण होते? पोटाचा कॅन्सर कापता आला १८८१ मध्ये, मग तो लवकर दिसायला इतकी वर्षं का लागली?

एरवी मी इथे मोबाईलचे कॅमेरे, सेन्सर, एआय असल्या गोष्टींवर लिहितो. आज मात्र एका सर्जनची गोष्ट सांगणार आहे, आणि ते सर्जन वारले त्याला १३० वर्षं होऊन गेली. तुम्ही म्हणाल, टेक साईटवर सर्जन कशाला? कारण सोपं आहे. पोटाच्या कॅन्सरची सगळी लढाई शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबते : तो वेळेत दिसतो का? आणि दिसणं म्हटलं की लाईट आला, लेन्स आली, कॅमेरा आला. म्हणजे आपलाच विषय.

थिओडोर बिलरोथ यांनी पोटाचा कॅन्सर कापून काढून दाखवला. पण त्यांच्याकडे बघायला डोळा नव्हता. हात तयार होता, नजर नव्हती. त्यांची गोष्ट वाचताना मला सारखं हेच जाणवत राहिलं, म्हणून हा लेख.

एका नजरेत

- पूर्ण नाव : थिओडोर बिलरोथ
- जन्म : २६ एप्रिल १८२९, जर्मनीच्या उत्तरेकडच्या र्युगेन बेटावर
- काम : झुरिक (१८६० ते १८६७) आणि व्हिएन्ना (१८६७ पासून शेवटपर्यंत)
- ओळख : पोटाच्या आतल्या सर्जरीचे जनक
- सगळ्यात गाजलेलं ऑपरेशन : २९ जानेवारी १८८१
- मृत्यू : ६ फेब्रुवारी १८९४

लहानपण : अभ्यासात मन नाही, पियानोवर आहे

बिलरोथ यांचे वडील चर्चमध्ये पाद्री होते. पाच भावांत थिओडोर सगळ्यात मोठे. ते पाच वर्षांचे असताना वडील टीबीने गेले. आई मुलांना घेऊन ग्राइफ्सवाल्ड या गावी राहायला आली आणि तिने एकटीने घर चालवलं.

शाळेत हा मुलगा काही चमकला नाही. त्याचा जीव संगीतात होता. त्याला संगीतकारच व्हायचं होतं, पण घरची परिस्थिती बघता पोट भरेल असं काहीतरी शिकणं भाग होतं, म्हणून मेडिकलला गेला. आपल्याकडेही घराघरांत असं होतंच की! फरक एवढाच की बिलरोथ यांनी संगीत सोडलं नाही. पुढे आयुष्यभर ते पियानो आणि व्हायोला वाजवत राहिले. जगप्रसिद्ध संगीतकार ब्राम्स हा त्यांचा जिवलग मित्र होता. ब्राम्सने आपली दोन स्ट्रिंग क्वार्टेट बिलरोथ यांनाच अर्पण केली आहेत.

ग्राइफ्सवाल्ड, मग गोटिंगेन, मग बर्लिन असं शिक्षण झालं. १८५२ मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्याच्या आदल्याच वर्षी आईही टीबीने गेली होती.

पेशंट नसलेला डॉक्टर

बर्लिनमध्ये त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला. दोन महिने गेले, एकही पेशंट आला नाही! शेवटी दवाखाना बंद करून ते लांगेनबेक नावाच्या मोठ्या सर्जनकडे असिस्टंट म्हणून लागले.

तिथे त्यांच्या हातात आलं मायक्रोस्कोप. कापून काढलेली गाठ फेकून न देता ती मायक्रोस्कोपखाली बघायची, ती कशापासून बनली आहे, कुठवर पसरली आहे हे शोधायचं, याची त्यांना गोडी लागली. त्या काळी बहुतेक सर्जनची ओळख हाताच्या वेगावरून व्हायची. कोण किती झटपट पाय कापतो, कोण किती पटकन आटोपतो, हे मोजलं जायचं. भूल द्यायला सुरुवात होऊन (१८४६) जेमतेम काही वर्षं झाली होती, त्यामुळे वेगाचं कौतुक अजून टिकून होतं. बिलरोथ यांना वेगापेक्षा कारणात जास्त रस होता.

झुरिक : अपयशाचाही हिशोब

१८६० मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते झुरिकला प्रोफेसर झाले. इथे त्यांनी जे केलं ते आज वाचताना साधं वाटेल, पण त्या काळात धाडसाचं होतं.

त्या वेळी सर्जन लोक आपली यशस्वी ऑपरेशन्स छापायचे. पेशंट मेला असेल तर त्याबद्दल गप्प. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या रिव्ह्यूंपैकी फक्त फाईव्ह स्टारवाले ठेवायचे आणि बाकीचे डिलीट करायचे, असला प्रकार. बिलरोथ यांनी १८६० ते १८६७ या काळातल्या झुरिकच्या आपल्या सगळ्या केसेस छापल्या. किती बरे झाले, किती दगावले, ऑपरेशननंतर पुढे त्यांचं काय झालं, सगळं.

याचा अर्थ काय होतो बघा. तुमचा पेशंट घरी गेला म्हणजे तुम्ही जिंकलात असं नाही. तो एका वर्षाने कसा आहे, दोन वर्षांनी कसा आहे, हे विचारावं लागतं. कॅन्सरच्या बाबतीत तर खरा रिझल्ट तोच. आज आपण कॅन्सरबद्दल वाचताना पाच वर्षांनंतर किती लोक जिवंत होते हा आकडा बघतो. पेशंटचा पुढचा माग ठेवण्याची ही सवय ज्यांनी सर्जनना लावली, त्यांच्यात बिलरोथ अगदी पुढे होते.

व्हिएन्ना : नवा भूभाग उघडला

१८६७ मध्ये त्यांना व्हिएन्नाला बोलावणं आलं. तेव्हाचं व्हिएन्ना म्हणजे वैद्यकाची राजधानीच. पुढची सुमारे २७ वर्षं ते तिथेच राहिले.

इथे त्यांनी अशा जागी हात घातला जिथे सर्जन जात नसत. ३१ डिसेंबर १८७३ ला त्यांनी कॅन्सरमुळे एका पेशंटचं स्वरयंत्र पूर्ण काढलं. त्यांचा असिस्टंट गुसेनबाउअर याने त्या पेशंटसाठी कृत्रिम स्वरयंत्र बनवलं. त्यात हवेने थरथरणारी एक पट्टी होती, साधारण बाजाच्या पेटीतल्या सुरासारखी. त्यावर तो माणूस बोलू शकला! १८७४ सालचं वेअरेबल गॅजेटच म्हणा ना. पण काही महिन्यांत कॅन्सर परत आला आणि तो पेशंट गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुन्हा घडणार आहे.

आधी डेटा, मग चाकू

आता येऊ पोटाकडे. इथे पोट म्हणजे जठर, जिथे आपण खाल्लेलं अन्न आधी जाऊन पडतं. जठराच्या खालच्या तोंडापाशी, जिथून अन्न पुढे आतड्यात उतरतं, तिथे गाठ झाली की रस्ता बंद होतो. माणूस खातो आणि उलटी होते. हळूहळू तो भुकेने सुकत जातो. तेव्हा याला इलाज नव्हता.

ऑपरेशन का करत नव्हते? दोन शंका होत्या.

पहिली शंका : कॅन्सर जठरात सापडेपर्यंत तो सगळीकडे पसरलेलाच असणार, मग कापून उपयोग काय?

दुसरी शंका : जठरात ॲसिड असतं. टाके घातले तरी ते ॲसिड टाकेच पचवून टाकेल, मग जखम जुळणार कशी?

बिलरोथ यांच्या टीमने पहिल्या शंकेचं उत्तर डेटामध्ये शोधलं. गुसेनबाउअर आणि विनिवार्टर या दोन असिस्टंटनी व्हिएन्नातल्या ६१,२८७ शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदी चाळल्या. कॉम्प्युटर नाही, एक्सेल नाही, सर्चचं बटण नाही. नुसती हाताने लिहिलेली रजिस्टरं. त्यात जठराच्या खालच्या तोंडाच्या कॅन्सरच्या ५४२ केसेस निघाल्या. त्यातल्या २२३ जणांमध्ये, म्हणजे साधारण ४१ टक्क्यांमध्ये, कॅन्सर मरेपर्यंत दुसरीकडे पसरलेलाच नव्हता.

जरा थांबून विचार करा. ही माणसं कॅन्सरने मेली, पण कॅन्सर एकाच जागी होता. म्हणजे कुणीतरी वेळेत जाऊन तेवढा भाग काढला असता, तर त्यातली काही जगली असती. मला विचाराल तर जठराच्या कॅन्सरसाठी लवकर शोधण्याचा सगळा खटाटोप या एका आकड्यापासून सुरू होतो.

दुसऱ्या शंकेसाठी त्याच दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. जठराचा तुकडा काढून जोडलं तर प्राणी जगतो हे दिसलं. मग १८७७ मध्ये बिलरोथ यांनी एका माणसाच्या जठराला पडलेलं भोक शिवून बंद केलं. टाके टिकले. ॲसिडने काही केलं नाही.

हे सगळं होईपर्यंत दुसऱ्या दोघांनी प्रयत्न करून पाहिले होते. पॅरिसमध्ये पेआं यांनी १८७९ मध्ये आणि पोलंडमध्ये रिडिगिअर यांनी १८८० मध्ये. दोघांचेही पेशंट वाचले नाहीत.

२९ जानेवारी १८८१

व्हिएन्नात बिलरोथ यांच्याकडे एक ४३ वर्षांची बाई आली. आठ मुलांची आई. कित्येक आठवडे पोटात काही टिकत नव्हतं. पोटावर हात ठेवला की गाठ लागत होती. शरीर इतकं खंगलेलं की वाट बघण्यात अर्थच नव्हता.

आधी तिचं जठर कोमट पाण्याने धुतलं. मग भूल दिली. बिलरोथ यांनी पोट उघडलं, गाठीसकट जठराचा खालचा भाग काढला आणि उरलेलं जठर सरळ आतड्याच्या सुरुवातीला जोडलं. रेशमाचे सुमारे ५० टाके. एकूण साधारण दीड तास.

ती वाचली! जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन त्यातून सावरलेली ती पहिली पेशंट. आठवडाही उलटायच्या आत बिलरोथ यांनी व्हिएन्नाच्या वैद्यकीय साप्ताहिकात पत्र पाठवून सगळी पद्धत जाहीर केली. लपवाछपवी नाही, पेटंट नाही. आजच्या भाषेत म्हणायचं तर ओपन सोर्स. ज्याला करायचं असेल त्याने वाचावं आणि करावं.

या जोडणीला आजही बिलरोथ १ म्हणतात. १८८५ मध्ये त्यांनी जोडण्याची दुसरी पद्धत काढली, ती बिलरोथ २. आजही एखाद्या पेशंटच्या दुर्बिणीच्या रिपोर्टवर ही नावं लिहिलेली असतात.

आणि मग चार महिने

इथे बरेच लेख संपतात. पण बिलरोथ यांची हिशोबाची पद्धत आपण पाहिली आहे, तर पुढचंही सांगायला हवं.

ती बाई घरी गेली, खाऊ-पिऊ लागली. पण चार महिने पुरे व्हायच्या आतच, मे १८८१ मध्ये, ती गेली. ऑपरेशन बिघडलं होतं का? नाही. टाके पक्के होते, रस्ता मोकळा होता. कॅन्सर आधीच पसरलेला होता. पुढचे दोन पेशंट तर ऑपरेशननंतर वाचलेच नाहीत.

म्हणजे चूक हाताची नव्हती, तारखेची होती. ज्या दिवशी गाठ पोटावरून हाताला लागते, त्या दिवशी आधीच उशीर झालेला असतो. ती गाठ वाटाण्याएवढी असताना, किंवा नुसता एक लालसर डाग असताना, कुणाला दिसली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पण दिसणार कशी? जठर म्हणजे छातीच्या खाली लपलेली, ओली, काळोखी पिशवी. एक्स-रे तेव्हा नव्हता. रोंटगेन यांनी तो शोधला १८९५ मध्ये, बिलरोथ गेल्याच्या पुढच्या वर्षी.

त्याच वर्षी, त्याच क्लिनिकमध्ये

आता योगायोग बघा. बिलरोथ यांचा एक असिस्टंट होता, योहान मिकुलिच. तो १८८१ मध्येच एका वेगळ्या कामात गुंतला होता. व्हिएन्नातले उपकरणं बनवणारे योसेफ लाइटर यांच्याबरोबर तो जठरात बघायची नळी तयार करत होता.

त्याच्या आधी १८६८ मध्ये जर्मनीत कुसमाउल या डॉक्टरांनी तलवार गिळणाऱ्या एका कलाकाराच्या गळ्यातून सरळ नळी जठरात नेऊन पाहिली होती. नळी गेली, पण उजेडच पोचला नाही. दिवा बाहेर, अंधार आत. मोबाईलचा फ्लॅश खोलीच्या बाहेर ठेवून आतला फोटो काढण्यासारखं.

मिकुलिचने दिवाच आत नेला. नळीच्या टोकाला प्लॅटिनमची तार, तिच्यातून वीज सोडली की ती तापून उजळायची. पण तापलेली तार जठराला भाजेल, म्हणून तिच्याभोवती पाणी खेळवून ती थंड ठेवायची. थोडक्यात, लिक्विड कूलिंग! नळीला खालच्या बाजूला ३० अंशांचा बाक दिला, कारण आपलं शरीर आतून सरळ नाही. पेशंटला मॉर्फीन द्यायचं आणि नळी घालायची. त्यातून त्याने जिवंत माणसाचं जठर आतून पाहिलं.

पण नळी कडक होती. पेशंटला प्रचंड त्रास, आतून इजा होण्याचा धोका, आणि जठराचे बरेच कोपरे दिसतच नसत. पुढच्याच वर्षी मिकुलिच प्रोफेसर होऊन क्राकूला गेला आणि नळी मागे पडली. म्हणजे बघा, कापणारा हात आणि बघणारा डोळा, दोन्ही एकाच वर्षी एकाच क्लिनिकमध्ये होते. हात मोठा झाला. डोळा अजून ५० वर्षं रांगत राहिला.

एक बाजू जी झाकू नये

मोठ्या माणसाबद्दल लिहिताना फक्त चांगलंच लिहायचं, ही पद्धत मला पटत नाही. १८७६ मध्ये बिलरोथ यांनी वैद्यकीय शिक्षणावर एक पुस्तक लिहिलं. त्यात पूर्व युरोपातून व्हिएन्नाला शिकायला येणाऱ्या गरीब ज्यू विद्यार्थ्यांबद्दल त्यांनी तिरस्काराने लिहिलं होतं. त्यावरून विद्यापीठात गोंधळ माजला, ज्यू विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. पुढे त्यांची भूमिका बदलली. १८९१ मध्ये व्हिएन्नात ज्यूद्वेषाच्या विरोधात संस्था स्थापन झाली तेव्हा ते तिच्यात सामील झाले. पण लिहिलेलं पुसलं जात नाही, आणि ते त्यांच्या गोष्टीचा भाग आहे.

शेवटची वर्षं

बिलरोथ यांना आणखी एक गोष्ट कळली होती : ऑपरेशन सर्जन करतो, पण पेशंटला जगवते नर्स. नर्सिंगवर त्यांनी सर्वसामान्यांना समजेल असं पुस्तक लिहिलं आणि १८८२ मध्ये व्हिएन्नात रुडोल्फिनरहाउस हे नर्सिंग शिकवणारं हॉस्पिटल सुरू झालं. ते आजही चालू आहे.

१८८७ मध्ये त्यांना जबर न्यूमोनिया झाला. त्यातून उठले, पण हृदय कमजोर झालं. ६ फेब्रुवारी १८९४ ला एड्रियाटिक समुद्राकाठच्या ओपातिया गावात (आज हे गाव क्रोएशियात आहे) त्यांचं निधन झालं. संगीतावर लिहिलेलं त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर छापून आलं.

मग डोळा कसा तयार झाला?

बिलरोथ यांना जे मिळालं नाही ते पुढे टप्प्याटप्प्याने आलं. पटकन बघू :

- १९३२ : जर्मनीत रुडोल्फ शिंडलर यांनी थोडी वाकणारी दुर्बीण आणली. नळीत एकामागे एक बऱ्याच छोट्या लेन्स, त्यामुळे थोडं वाकूनही चित्र दिसायचं.
- १९५० : जपानमध्ये तात्सुरो उजी हे सर्जन आणि ऑलिंपसचे इंजिनिअर यांनी नळीच्या टोकाला चक्क छोटा कॅमेरा बसवला. आत बारीक फिल्म, बारीक फ्लॅश. अंदाजाने फोटो काढायचे आणि फिल्म धुतल्यावर बघायचं काय आलं ते.
- १९५७ : अमेरिकेत बेझिल हर्शोविट्झ यांनी काचेच्या तंतूंची, म्हणजे ऑप्टिकल फायबरची, पूर्ण वाकणारी दुर्बीण वापरली. आधी त्यांनी ती स्वतःच गिळून पाहिली!
- १९८३ च्या सुमारास : टोकाला इलेक्ट्रॉनिक सेन्सर आला आणि चित्र सरळ स्क्रीनवर दिसू लागलं. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याचा हा थोरला भाऊच.

या कॅमेऱ्यांचा जपानने सगळ्यात जास्त फायदा करून घेतला, कारण तिथे जठराचा कॅन्सर खूप होता. १९६२ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी लवकरच्या कॅन्सरची व्याख्याच ठरवली : जठराच्या भिंतीच्या वरच्या दोन थरांपर्यंतच असलेला कॅन्सर. या टप्प्यात सापडला आणि काढला तर जपानमध्ये ९० टक्क्यांहून जास्त लोक पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. कित्येकदा तर पोट उघडायचीही गरज नसते, दुर्बिणीतूनच तेवढा थर सोलून काढता येतो. बिलरोथ यांच्या पेशंटला मिळाले चार महिने. रोग तोच. फरक तारखेचा.

एआय इथे काय करतं?

लवकरचा कॅन्सर दिसायला गाठीसारखा नसतो. थोडा लाल, थोडा फिका, जरासा खोलगट डाग. थकलेल्या डोळ्यांना तो सहज चुकतो. २०१८ मध्ये जपानी डॉक्टरांनी एका एआयला दुर्बिणीचे १३ हजारांहून जास्त फोटो दाखवून शिकवलं आणि मग २,२९६ नवे फोटो दिले. त्याने ते ४७ सेकंदांत तपासले आणि कॅन्सरच्या ७७ जागांपैकी ७१ ओळखल्या. सुटलेल्या ६ पैकी ५ जागा ५ मिलिमीटर किंवा त्याहून लहान होत्या.

भारी आहे ना? पण दुसरी बाजूही ऐका. एआयने ज्या जागांवर बोट ठेवलं, त्यातल्या साधारण ३१ टक्केच खरोखर कॅन्सर होत्या. बाकी नुसती सूज वगैरे. म्हणून शेवटी डॉक्टर त्या जागेचा छोटा तुकडा काढतात, म्हणजे बायोप्सी करतात, आणि तो मायक्रोस्कोपखाली बघतात. जे बिलरोथ बर्लिनमध्ये करत होते, तेच. एआय बोट दाखवतं, निकाल मायक्रोस्कोप देतं.

मग आपण सगळ्यांनी दुर्बीण करून घ्यायची का?

नाही. इथे दोन शब्द वेगळे करू. काही त्रास नसताना तपासणं म्हणजे स्क्रीनिंग. त्रास होतोय म्हणून तपासणं म्हणजे निदान.

दक्षिण कोरियात ४० वर्षांपुढच्या लोकांना दर दोन वर्षांनी जठराचं स्क्रीनिंग मिळतं. जपानमध्ये ५० च्या पुढे दुर्बिणीचा पर्याय आहे. या देशांत हा कॅन्सर जास्त, म्हणून ते परवडतं आणि उपयोगी पडतं. भारतात एकूण प्रमाण कमी आहे (मिझोराममध्ये मात्र ते खूप जास्त आहे), आणि आपल्या सरकारी स्क्रीनिंगमध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर येतो, जठराचा नाही. त्यामुळे आपल्याकडे सगळी जबाबदारी निदानावर, म्हणजे लक्षणं ओळखण्यावर येऊन पडते.

आणि गडबड तिथेच होते. घरात कुणाचं पोट दुखलं की आपण काय करतो? थंड दूध, जिरं, खाण्याचा सोडा, मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी. गोळीने बरं वाटतं. पण गोळीने बरं वाटणं म्हणजे आत काही नाही असं नव्हे. कॅन्सर असला तरी सुरुवातीला ॲसिडिटीच्या गोळीने आराम पडू शकतो, आणि त्यात महिने निघून जातात.

बहुतेक वेळा ॲसिडिटी ही ॲसिडिटीच असते, घाबरायचं कारण नाही. पण खालीलपैकी काही असेल तर गोळी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचंच :

- प्रयत्न न करता वजन उतरतंय
- दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं
- वारंवार उलटी, किंवा उलटीत रक्त
- डांबरासारखी काळी शौच
- घास गिळायला अडकतो
- कारण नसताना रक्त कमी झालंय, दम लागतो
- पन्नाशीच्या पुढे पहिल्यांदाच सुरू झालेला पोटाचा त्रास

घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल, तर हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जीवाणू या कॅन्सरचं मोठं कारण आहे. श्वासाच्या किंवा शौचाच्या टेस्टमधून तो कळतो आणि औषधांनी जातो. तंबाखू आणि खूप खारवलेलं खाणं यानेही धोका वाढतो.

दुर्बिणीला लोक फार घाबरतात. घशात स्प्रे मारतात, हवं तर झोपेचं इंजेक्शन देतात, बघण्याचं काम काही मिनिटांचं असतं. तलवार गिळणारा माणूस शोधावा लागायचा ते दिवस गेले.

शेवटी

बिलरोथ यांच्याकडे चाकू होता, डेटा होता, धाडसही होतं. नव्हता तो फक्त कॅमेरा. आज कॅमेरा शहरात आहे, तालुक्याच्या गावातही बऱ्याच ठिकाणी आहे. आता उशीर होतो तो मशीनमुळे कमी आणि आपण डॉक्टरांकडे जायला लावलेल्या वेळामुळे जास्त.

म्हणून एक काम करा. घरात जे कुणी गेले कित्येक महिने रोज ॲसिडिटीची गोळी घेतायत, त्यांना आज विचारा : वजन कमी झालंय का? जेवण पूर्वीसारखं जातंय का? उत्तर गडबडीचं आलं तर त्यांची अपॉइंटमेंट तुम्हीच तुमच्या फोनवरून घेऊन टाका.

लेख आवडला असेल तर घरच्या ग्रुपवर नक्की शेअर करा. दुर्बीण, सेन्सर किंवा एआयबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, पुढच्या लेखात सविस्तर सांगेन. भेटूया!